पाच हात

कुस्तीत पाठ टेकली की संपलं,
आमची शर्यत पाठ टेकल्यावरच सुरू होते.
तिबोर बाचींचा हा विनोद
सोल्नोकच्या तलावावर प्रत्येक नव्या पोराला
एकदा तरी सोसावा लागायचा.

पाठीवर पोहणाऱ्याला पुढचं दिसत नाही.
छत दिसतं. पत्र्याचे सांधे, दिव्यांची रांग,
कुठल्याशा समारंभातला अडकून राहिलेला फुगा,
आणि भिंतीआधी पाच मीटरवर
दोरीला टांगलेल्या तिकोनी पताका.
पताका गेल्या की मोजायचं.
माझे पाच हात.
ओर्शोयाचेही पाचच.
हे मला तिच्या आईच्या आधी ठाऊक होतं.

नऊ वर्षं ती चौथ्या पट्ट्यात, मी पाचव्या.
पोहताना तिचा चेहरा कधी पाहिला नाही.
फक्त कानाशी तिचं पाणी,
जाताना एका कानाशी, येताना दुसऱ्या.
ती पुढे असली की आवाज पातळ येतो,
मागे पडली की जाड.
ती ज्योरच्या डॉक्टरांची मुलगी.
मी बिटाचा ट्रक चालवणाऱ्याची,
पहाटे चारला बाबांच्या शेजारी बसून
खसखशीची गुंडाळी खात तलावावर उतरणारी.
मी तिचा दुस्वास केला, अगदी मन लावून,
शाळेत गणितं कधी केली नाहीत
इतकं मन लावून.

देब्रेत्सेन. मार्च. उपांत्य फेरी.
त्या वर्षी माझा खांदा दुखत होता,
हे मी तिबोर बाचींनाही कळू दिलं नव्हतं.
भोंगा वाजला,
आणि तिच्या पायाखालची टेकूपट्टी सुटली.
ती जागच्या जागी
पोत्यासारखी पाण्यात बसली.
आम्ही बाकीच्या पोहून आलो.
मी आठवी.
अंतिम फेरीत आठच जणी.

पंच आपसात कुजबुजले, कागद हलले.
चूक यंत्राची. तिने एकटीने पुन्हा पोहावं.

घरी कधी सांगितलं नाही ते सांगते:
मी टॉवेलात तोंड खुपसून म्हटलं,
पट्टी पुन्हा सुटू दे.

सुटली नाही.
सगळा तलाव सपाट, इस्त्री केल्यासारखा,
आणि त्यात ती एकटी.
पहिले पन्नास बरे. दुसरे बरे.
तिसऱ्यात ती भरकटली, दोरीला घासली,
कारण कानाशी कुणाचंच पाणी नव्हतं.
तिचा प्रशिक्षक घड्याळाकडे बघत होता.
हे तिथे फक्त मला कळलं,
आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

काठाने चालत वेग दाखवायला मनाई आहे.
ओरडायला नाही.
ती शेवटच्या पताकांखाली आली तेव्हा
मी भिंतीच्या टोकाशी उभी होते
आणि बाजारातल्या मासळीवालीसारखी
ओरडत होते,
एक! दोन! तीन! चार!
पाच म्हणेपर्यंत तिचा हात भिंतीला.

सेकंदाच्या शंभर भागांतले तीन.
तेवढ्याने मी नववी.

दुसऱ्या दिवशी ती चौथी आली.
म्हणजे पदक तिलाही नाही, मलाही नाही.
परतताना बाबांनी रस्त्याकडेला ट्रक थांबवला,
दोन लांगोश घेतले, लसूण जास्त टाकून.
अर्धा संपल्यावर म्हणाले, मूर्ख आहेस.
आणि बोटं पुसताना,
तिला ऐकू तरी गेलं का?

गेलं होतं.
त्याच संध्याकाळी, कपडे बदलायच्या खोलीत,
केसांतून पाणी गळत ती माझ्यासमोर उभी राहिली.
पाच कुठून काढलेस? म्हणाली.
गेल्या उन्हाळ्यापासून मला सहा लागतात.
तू पाच म्हणालीस
म्हणून पाचात बसवले.

मला काय बोलावं सुचेना.
वर्षभर मी चुकीच्या आकड्याशी भांडत होते.

मग तिने न विचारता
माझ्या खांद्यात अंगठा रोवला,
बरोबर तिथे, जिथे दुखतं तिथेच,
आणि म्हणाली,
दाखवलास का कुणाला?
जानेवारीपासून तुझं पाणी लंगडतंय.